साबणाच्या डबीतला कान

भाऊजी, दमले आहे. तुम्ही गेल्याचा निरोप आला त्या दिवसापासून या घरात मी एकटीच सुतक पाळते आहे, आणि तेही चोरून. देवांसमोर उदबत्ती नाही, डाळीला फोडणी नाही, केसांना तेल नाही. पलीकडे ओटीवर मामंजी खाटेवर बसून तुमची वाट बघताहेत. मधूचं पत्र आलं का, असं रोज सकाळी विचारतात आणि मी नाही म्हणून मान हलवते. पत्र आलं नाही हे तर खरंच आहे.

तुमच्या दादांनी मुंबईहून बजावलं आहे की मी येईपर्यंत बाबांना काही सांगायचं नाही. फोन शेजारच्या कुलसुमभाभींकडे आला होता. त्या दोन घरांमधल्या दगडी गडग्यापाशी येऊन उभ्या राहिल्या, माझं नाव घेतलं आणि पुढे बोलल्याच नाहीत, तेव्हाच मला कळलं. दादा तिकडचं उरकून दहाव्याला इकडे येणार. मग तेच सांगतील म्हणे. कसं सांगणार, ते मी विचारलं नाही. मामंजींना काही सांगायचं म्हणजे त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायचं. पाटीवर लिहून दाखवावं तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चहा ठेवलाय, एवढं सांगितलं तरी रस्त्यावरून जाणारा माणूस वळून बघतो. मुलगा गेला हे कुणी कुणाला ओरडून सांगतं का? आणि पहिल्या खेपेला त्यांना कधीच कळत नाही. काय, म्हणून विचारतात. मग तेच पुन्हा, आणखी मोठ्याने. हे माझ्याने होणार नाही. तुमच्या दादांच्यानेही होणार नाही, पण ते 'मी बघतो' म्हणून मोकळे झाले.

एक मात्र आहे. या घरात मला मोठ्याने रडता येतं. सैपाकघराचं दारसुद्धा लोटून घ्यावं लागत नाही. कुलसुमभाभी येऊन माझ्याजवळ बसतात आणि म्हणतात, "रड गो बाय, मोकळी हो. त्यांना काय ऐकू जाणार नाय." बाकीच्या बायकांना त्या स्वतःच अंगणाच्या फाटकाशी, बेड्यापाशी थांबवतात आणि परत पाठवतात. कुणी हातात पिठल्याचं पातेलं घेऊन येतं, कुणी नुसतंच. घरात माणूस गेलंय आणि दारात कुणी नाही, असं सुतक मी पहिल्यांदाच बघते आहे.

मी लग्न होऊन आले तेव्हा मामंजी गिरणीतून नुकतेच सुटून गावी आले होते. उभा जन्म साच्याखात्यात गेलेला. शेकडो माग एकदम खडखडतात तिथे कान कसले राहतात? तुम्ही मला पहिल्या आठवड्यातच शिकवून ठेवलंत की वहिनी, आमच्याकडे गुपित म्हणून काही नसतं, जे असतं ते वाडीला आधी कळतं. मी हसले होते. तेव्हा माझा आवाज चांगला होता. शाळेत प्रार्थना सांगायला मला पुढे उभं करत. आता घसा असा झालाय की माहेरी गेले तर आई विचारते, सर्दी झाली का.

आणि तुमची त्यांची भांडणं! लोटे गावातल्या कंपनीतली नोकरी तुम्ही सोडून आलात आणि बाजारातल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात जाऊन बसलात, तेव्हाचं तर सगळ्या वाडीला पाठ आहे. कंपनीची बस, कंपनीचा पगार, कंपनीचा बोनस, सगळं लाथाडून हा खोकी उघडीत बसणार, असं ते ओरडायचे. तुम्हीही ओरडून उत्तरं द्यायचात, कारण हळू उत्तर देऊन उपयोग नाही. रागाने ओरडणं आणि ऐकू यावं म्हणून ओरडणं, यात बाहेरच्याला काय फरक कळणार? मला वाटतं शेवटी शेवटी तुम्हा दोघांनाही कळेनासा झाला होता. मग तुम्ही बोलणंच टाकलंत. ऐकू न येणाऱ्या माणसाशी अबोला धरलात, भाऊजी. त्यांना ते कळायलाच महिना गेला.

आणि त्याच अबोल्यात तुम्ही त्यांच्यासाठी कान करायला घेतलात. मला हे तेव्हाही नीट समजलं नव्हतं.

कुठल्या तरी मासिकात अशा यंत्राच्या जोडणीचा नकाशा आला होता. मोडक्या टेपरेकॉर्डरमधला माइक, ट्रान्झिस्टरचं कानात घालायचं बोंडूक, दोन पेन्सिल सेल. पहिल्या खेपेला तुम्ही नुसत्या तारा तारांना जोडल्या होत्या आणि सगळं सुतरफेणीसारखं पसरलं होतं. चाललं ते, पण जरा हललं की कुठलीतरी तार सुटायची. म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यात अडकवायचं तर ते साबणाच्या डबीत बसलं पाहिजे, आणि डबीत बसायचं तर पाटी कोरली पाहिजे, असं तुम्ही मला समजावलंत. पाटी म्हणजे एका बाजूला तांब्याचा पातळ पत्रा चिकटवलेला तुकडा. त्यावर जिथून वीज जायची त्या वाटा रंगाने झाकायच्या आणि तुकडा औषधात बुडवायचा. उघडं तांबं औषध खाऊन टाकतं, झाकलेलं राहतं. राहतं तेवढीच वाट. मी म्हटलं, एवढंच ना?

ते औषध तुमच्या दादांनी गणपतीला येताना मुंबईहून आणलं. फेरिक क्लोराइडचे पिवळट खडे, साध्या प्लास्टिकच्या पिशवीत. एसटीत रात्रभर पावसाची दमट हवा खाऊन खडे विरघळले आणि बॅगेतून पाझरत मामंजींच्या नव्या धोतरावर आले. गंजासारखे डाग, ते आजवर गेलेले नाहीत. मामंजींनी धोतराचा वास घेतला, बोट लावून पाहिलं आणि तुमच्या दादांना विचारलं की मुंबईत आता नवं धोतर असंच मिळतं का. तुम्ही मागच्या दारी जाऊन पोट धरून हसत होता. अबोला होता म्हणून त्यांच्यासमोर हसायची सोय नव्हती.

नंतर औषधाला भांडं मिळेना. आपलं घर सगळं तांब्यापितळेचं, आणि हे औषध तांब्यावरच टपलेलं. मी सैपाकघराच्या दारात आडवी उभी राहिले होते, आठवतं? माझं एक जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं ताट तुम्ही तरीही पळवलंत. त्यात औषध ओतल्याबरोबर फसफसून वाफा निघाल्या आणि ताटाची चाळण झाली. शेवटी तुम्ही एका फोटो स्टुडिओतून प्लास्टिकचा ट्रे मागून आणलात. तांब्याचा तुकडा घासायचं काम माझ्याकडे आलं, कारण तांबं घासायचं म्हणजे आमसुलं आणि राख, हे तुमच्या मासिकात कुठे लिहिलेलं असणार? असा लखलखीत केला मी तुकडा की तुम्ही म्हणालात, यावर आता काही कोरायला नको, देवापुढे ठेवू.

मग ते कोकमतेलाचं. ते आठवलं की अजून हसू येतं आणि हसून झालं की काय करावं ते कळत नाही. रंग संपला होता, बाजारातून आणेपर्यंत तुम्हाला दम निघत नव्हता, आणि मी सुचवलं की टाचांना लावायचा कोकमतेलाचा गोळा आहे घरात, मेणासारखा घट्ट असतो, पाण्याला दाद देत नाही. तुम्हाला पटलं. तेल पातळ करून माडाच्या झावळीतल्या बारीक हिराने मी सगळ्या वाटा काढल्या. तुमचा हात जड, तुमच्या दोन रेघा नेहमी एकमेकींत शिरायच्या. माझा हात ब्लाउजला हुकांची घरं करून बसलेला. पाटी थंड जागी ठेवली, तेल छान गोठलं. मग ट्रेमध्ये सोडली, आणि औषध गरम असलं की लवकर खातं म्हणून तुम्ही ट्रे उचलून नेऊन भर उन्हात कातळावर ठेवलात. एप्रिलमधल्या कातळावर, भाऊजी. जिथे पाय ठेववत नाही तिथे. आपण जेवून आलो. औषधावर तेलाचा तवंग आणि पाटीवर तांब्याचा एक कण नाही.

तुम्ही ती कोरी पाटी उलटसुलट करून पाहिलीत. मग तुम्ही म्हणालात, "वहिनी, आपल्या टाचा वाचल्या, कान गेला."

त्यावर उपाय कुलसुमभाभींनी काढला. त्यांचा नवरा दर खेपेला कुवेतहून नेलपॉलिशच्या बाटल्या पाठवायचा. ते नखांवर असलं तर वजूचं पाणी नखाला लागत नाही, नमाज होत नाही. हे त्या माणसाच्या इतक्या वर्षांत लक्षात आलं नव्हतं आणि त्या सांगतही नव्हत्या, कारण तो हौसेने पाठवतो. कपाटात बाटल्यांची रांग लागली होती. त्यांनी सगळ्या आणून माझ्यापुढे ठेवल्या. तेव्हापासून आपल्या सगळ्या पाट्या गुलाबी. मी हिराने वाटा काढायची, त्या सुकायच्या, मग तुम्ही पाटी सोडायचात आणि मी ओटीखाली सावलीत बसून ट्रे हळूहळू झुलवायची. थांबून चालत नाही, औषध एका जागी साचतं. एकदा झुलवता झुलवता मी बोलून गेले की मला मूल नाही झालं, तर देवाने झुलवायला हे दिलं. तुम्ही तेवढ्यात येऊन ट्रे माझ्या हातातून घेतलात आणि म्हणालात, जा, तुम्ही जरा पडा. तुम्ही त्यावर काही समजुतीचं बोलला असतात तर मी तुम्हाला माफ केलं नसतं.

डबी तयार झाली. तुम्ही स्वतः त्यांच्या गळ्यात अडकवलीत, बोंडूक कानात बसवलंत, चाक फिरवलंत. आधी शिट्टी वाजली. मग मी बशी ठेवली, कावळा ओरडला, बाहेर कुणी नारळ सोलत होतं, आणि मामंजींनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. बोंडूक ओढून काढलं. "परत साच्याखात्यात नेऊन बसवलंस मला," म्हणाले, "आणि ह्ये गळ्यात लोढणं कशाला? मी काय पळून जातोय?" कित्येक महिन्यांनंतर ते तुमच्याशी बोलले ते हे.

तुम्ही डबी उचललीत आणि गेलात. दुसऱ्या दिवशी नवी पाटी कोरायला घेतलीत. म्हणालात, चुकलं माझं, मी आवाज मोठा केला, पण सगळाच मोठा केला. आता खडखडाट कापायचा आणि माणसाचं बोलणं तेवढं ठेवायचं.

तिथे आपलं वाजलं. मी म्हटलं, भाऊजी, राहू द्या. जन्मभर ऐकलं त्यांनी, आता नको असेल. त्यांना ऐकायचंच नसेल तर तुम्ही कोण बळेबळे ऐकवणारे? तुम्ही मान वर न करता म्हणालात, "मग तुम्ही ओरडणं थांबवा." मला राग आला. मी काय हौसेने ओरडते का, असं मी विचारलं, आणि तुम्ही म्हणालात, तेच म्हणतोय मी. हे सगळं माझ्या घशासाठी चाललं होतं की त्यांच्या कानासाठी, हे मला त्या दिवशी विचारायला हवं होतं. मी ताट वाढलं आणि विषय तिथेच राहिला. त्यानंतर आपण दोघांनी मिळून किती पाट्या वाया घालवल्या ते मोजलं नाही. अबोला कायम होता. जेवताना तुम्ही त्यांच्या पानात मासा जास्त वाढायला मला डोळ्यांनी खुणावायचात आणि ते मला विचारायचे, "मधू जेवला?"

तुम्हाला कावीळ झाली तेव्हाही तुम्ही शेवटची पाटी जोडत होता. डोळे हळदीसारखे झालेले. झाडपाल्याचं औषध झालं, पथ्य झालं, उतरली असं वाटलं आणि उलटली. दादा न्यायला आले. स्टँडवर गाडी लागलेली, दादा सामान टपावर टाकत होते, आणि तुम्ही मला म्हणालात की डबी झाली आहे, या खेपेला बरोबर झाली आहे, स्वतःच्या कानाला लावून पाहिलंय. पण मी येईपर्यंत बाबांना घालू नका. "मला त्यांना एक सांगायचंय, वहिनी. ओरडून सांगण्यासारखं नाही ते."

काय, ते मी विचारलं नाही. दादांनी हाक मारली, तुम्ही चढलात. माणूस बरा होऊन येणार असतो तेव्हा कोण विचारतं? लोट्याच्या नोकरीचं काही होतं का? की कुणी मुलगी होती? की नुसतं, बाबा, मी चुकलो? की चुकलो नाही, असं? मी रोज एक नवं घेऊन बसते आणि संध्याकाळी टाकून देते. तुमच्यावर रागही येतो. तीन पावलांवर बाप बसलेला, आणि तुम्ही त्याच्याशी हळू बोलता यावं म्हणून वर्षंच्या वर्षं तांबं कोरत बसलात. हात धरायचा होता त्यांचा. त्याला कुठली पाटी लागत होती?

इथवर काल लिहिलं होतं. आज दुपारी झालं ते सांगते.

पान वाढलं. भात, बिनफोडणीची डाळ. मामंजींनी कालवलं, एक घास घेतला आणि हात तसाच पानावर ठेवला. मला वाटलं मीठ विसरले. कान नाहीत, डोळे नाहीत, पण जीभ आणि नाक आहे त्यांना, हे मी इतके दिवस धरलंच नव्हतं. त्यांनी देवाच्या कोनाड्याकडे तोंड वळवलं, वास घेतला. मग माझं डोकं चाचपडलं, कोरडे केस बोटांना लागले. आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "कोण गेलं?"

मी मान हलवली. ते म्हणाले, "मान नको हलवू. सुतक हाय घरात. कोण गेलं सांग मला."

गडग्यापलीकडे कुलसुमभाभींची कपडे आपटायची धोपटणी थांबलेली मला ऐकू आली. माझं तोंड त्यांच्या कानापाशी गेलं होतं, भाऊजी, छाती भरून घेतली होती, पण ओरडले नाही. हे नाव असं ओरडायचं नाही, एवढंच मला कळत होतं. दादांचं बजावणं मोडलं. तुमचंही मोडलं. मी उठले, तुमच्या फळीवरची डबी आणली, बोंडूक त्यांच्या कानात बसवलं. लोढणं म्हणतील वाटलं, पण म्हणाले नाहीत. त्यांचा हात खरकटा होता, तो त्यांनी तसाच हवेत धरला होता. मी चाक फिरवलं. शिट्टी वाजली नाही. डबी तोंडाशी धरून, तुमच्याशी ओटीवर बसून बोलायची तेवढ्याच आवाजात मी म्हटलं, "मामंजी, आपला मधू गेला. मुंबईला. कावीळ उलटली होती."

त्यांनी 'काय?' असं विचारलं नाही.

पानातला भात वाळला. कुलसुमभाभी बेड्यापाशी आल्या, माझ्याकडे बघून तिथेच थांबल्या. मग मामंजींनी माझ्या हातातली डबी चाचपडत स्वतःकडे ओढली आणि पाठीचा बाक करून तोंडाशी धरली. फोनवर बोलतात तशी. त्यांना वाटलं असेल की हिच्यात बोललं की तिकडे जातं. किंवा काहीच वाटलं नसेल.

ते ओरडणार म्हणून मी तयार होते. मी या घरात आल्यापासून त्यांचा आवाज कायम चढाच ऐकलाय. ऐकू न येणाऱ्याला आपला स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही, म्हणून तो ओरडतो, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. चहा मागायचा तरी ओरडून, आशीर्वाद द्यायचा तरी ओरडून.

"मधू," ते म्हणाले.

आणि थबकले. त्यांचा आवाज त्यांच्याच कानात गेला होता. त्यांनी मान जराशी वाकडी केली आणि पुन्हा म्हटलं, आणखी हळू. मग त्याहून हळू. मी शेजारी गुडघ्याला गुडघा लावून बसले होते, भाऊजी, आणि पुढचं ते तुम्हाला काय म्हणाले, ते मलाही ऐकू आलं नाही.